लाईन गेली की संप सांडतो, लाईन आली की टाकी: घरगुती ओव्हरफ्लोचं नेहमीचं दुखणं

फिशटँकच्या कपाटाखाली सकाळी डबकं साचलेलं. पुसून घेतलं, सिलिकॉनची ट्यूब आणली, संपचे (टाकीखाली ठेवलेल्या, फिल्टर आणि पंप असलेल्या काचपेटीचे) सांधे पुन्हा भरले. आठवडाभर सगळं कोरडं, आणि मग एका रात्री लाईन जाऊन आली की परत तेच डबकं. घरी संप बांधणाऱ्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही आहे. काच गळत असती तर रोज गळली असती. वीज गेल्या-आल्यावरच जे पाणी सांडतं त्यावर सिलिकॉनचा उपाय चालत नाही, तिथे पातळीचा हिशेब चुकलेला असतो.

म्हणून हातात काही घेण्याआधी एकच प्रश्न: पाणी लाईन गेल्यावर सांडलं की लाईन आल्यावर? फरशी दोन्ही वेळी सारखीच ओली होते, पण दुखणी अगदी उलटी आहेत. लाईन गेल्यावर सांडलं तर वरच्या टाकीतून खाली येणारं पाणी संपमध्ये मावलं नाही. लाईन आल्यावर सांडलं तर पंप पाणी वर चढवत राहिला आणि ते खाली उतरायची वाट बंद होती.

रात्री झोपेत घडलेलं असेल तरी खुणा राहतात. सकाळी वरची टाकी नेहमीच्या पातळीवर असेल, पंप चालू असेल, पण पंपाच्या खान्यात (आडव्या काचांनी पाडलेल्या संपच्या खान्यांपैकी शेवटच्या) पाणी कमी झालं असेल, तर ते लाईन गेल्यावर संपच्या काठावरून गेलं. वरची टाकी काठोकाठ, पंपाचा खाना कोरडा आणि पंप घरघरतोय, असं असेल तर ओव्हरफ्लोने, म्हणजे टाकीतलं जास्तीचं पाणी खाली संपमध्ये उतरवणाऱ्या वाटेने, दगा दिला. आणि घरच्यांनी आधीच सगळं पुसून टाकलं असेल तर वरच्या टाकीच्या बाहेरच्या काचेवर बघा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की ओघळ वाळला की पांढरी रेघ उमटतेच.

पुढचे आकडे ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीचे आहेत, म्हणजे १२० × ४५ × ४५ सेंटीमीटर. या टाकीत पाण्याचा १ सेंटीमीटर थर म्हणजे ५.४ लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. तुमची टाकी वेगळी असेल तर लांबी गुणिले रुंदी सेंटीमीटरमध्ये काढा आणि हजाराने भागा. खालचा संप ७५ × ३० × ३८ सेंटीमीटरचा धरला आहे. तो काठोकाठ भरला तर ८५ लिटर.

लाईन गेल्यावर

पंप थांबला की तीन ठिकाणांहून पाणी खाली येतं. पहिलं, ओव्हरफ्लोच्या दात्यांवरून, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या खाचांच्या काठावरून, वाहणारा थर. पंप चालू असताना वरची पातळी दात्यांपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर वर असते, तेवढं उतरतं, म्हणजे ५ ते ८ लिटर. दुसरं, पाइपांत आणि ओव्हरफ्लोच्या डब्यात असलेलं दोन-तीन लिटर. ही दोन्ही टळत नाहीत, आणि टाळायचं कारणही नाही.

तिसरं मात्र घातक आहे. पंपाचं पाणी वर नेणारा रिटर्नचा पाइप टाकीत खोलवर बुडालेला असेल तर पंप थांबताच तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टाकी उपसतो. तोंड पाण्याखाली १० सेंटीमीटर असेल तर ५४ लिटर खाली येणार. ८५ लिटरच्या अर्ध्या भरलेल्या संपमध्ये ते मावायचं नाही. दिसायला छान म्हणून रिटर्न तळापर्यंत नेणारे बरेच आहेत. वाळूतून पाणी उसळतं ते सुंदर दिसतं हे खरं, पण लाईन जाते तेव्हा ते सौंदर्य फरशीवर येतं.

यावर दुकानदार पहिल्यांदा एनआरव्ही काढून देतो, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. लावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. त्याच्या झडपेखाली वाळूचा एक कण, गोगलगायीचं पिल्लू किंवा क्षाराची पापडी अडकली की झडप पूर्ण बसत नाही, आणि हे तुम्हाला नेमकं त्या रात्रीच कळतं. खात्रीचा उपाय फुकटचा आहे: रिटर्नचं तोंडच पाण्याच्या पातळीखाली सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर आणा. तळाशी प्रवाह हवाच असेल तर पाइप खाली न्या, पण पातळीच्या जरासं खाली, टाकीच्या आतल्या बाजूला, पाइपला ४ मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी तेवढं उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोकाचं तोंड खाली किंवा टाकीच्या आत वळवलेलं असावं, कारण पंप चालू असताना त्यातून बारीक पिचकारी उडते. ती पिचकारी झाकणाच्या लाइटवर गेली तर वेगळंच प्रकरण सुरू होतं.

हे भोक शेवाळाने आणि क्षाराने बुजतं. पेंच धरणाचं नळाचं पाणी असेल तर बरेच दिवस टिकतं. बोअरचं असेल तर दर पंधरवड्याला काडी घालून मोकळं करा, आणि पांढरा थर बसला असेल तर पाइप काढून व्हिनेगरमध्ये बुडवा, चुना विरघळतो. दोन भोकं पाडली तर एक बुजलं तरी दुसरं असतं.

आता मुख्य काम, संपवर रेघ मारणं. बहुतेक जण पंप चालू असताना संप भरतात आणि पाणी दिसायला पुरेसं वाटलं की थांबतात. उलट करा. पंप चालवून टाकी नेहमीच्या पातळीला आणा, मग बटण बंद करा आणि वरून पाणी यायचं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. घाई करू नका, शेवटचं पाणी बराच वेळ झिरपत असतं. आता संपमध्ये काठापासून ३-४ सेंटीमीटर जागा उरेल एवढंच पाणी ठेवा, जास्त असेल तर काढून टाका. मग पंप सुरू करा, सगळं स्थिर होऊ द्या आणि पंपाच्या खान्यात पाणी जिथे थांबेल तिथे बाहेरून काचेवर वायरिंगची टेप चिकटवा. ही तुमची कमाल रेघ. हिच्या वर पाणी घालायचं नाही, मग घरात कोणीही पाणी घालत असो. तुम्ही गावाला गेल्यावर शेजारचं पोरगं माशांना खाऊ घालायला येणार असेल तर त्यालाही ही रेघ दाखवून जा.

आपल्या मापाच्या संपमध्ये १२ लिटर पाणी परत आलं तर पातळी साधारण ५.३ सेंटीमीटरने चढते. त्यात वरची ३-४ सेंटीमीटर धरा, म्हणजे मधल्या आडव्या काचा संपच्या काठाच्या ९-१० सेंटीमीटर खाली संपल्या पाहिजेत. कित्येकांच्या या काचा काठाला लागलेल्या असतात, कारण फिल्टरला जास्त जागा मिळावी असं वाटतं. त्या संपला कितीही रेघा मारा, लाईन गेल्यावर तो सांडणारच. काच कापून लहान करा किंवा संप मोठा घ्या, दुसरा मार्ग नाही.

हे नेमकं मे महिन्यातच का होतं

पावसाळ्यात, हिवाळ्यात हाच संप गुपचूप चालतो आणि नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) आला की सांडायला लागतो, हे नागपुरात अनेकांनी पाहिलं असेल. कारण ओव्हरफ्लोच्या रचनेत आहे. वरच्या टाकीची पातळी दात्यांनी बांधलेली असते, संपच्या पहिल्या दोन खान्यांची आडव्या काचांनी. त्यामुळे सगळ्या टाकीतून जेवढं पाणी उडतं तेवढं सगळं एकट्या पंपाच्या खान्यातून कमी झालेलं दिसतं.

हिशेब करा. वरच्या टाकीचा आणि संपचा मिळून पाण्याचा पृष्ठभाग साधारण ७,६५० चौरस सेंटीमीटर. दिवसात अर्धा सेंटीमीटर जरी उडालं तरी ते झालं पावणेचार लिटरच्या वर. पंपाचा खाना २५ × ३० सेंटीमीटरचा असेल तर तिथे पाणी ५ सेंटीमीटरने खाली जातं. बाहेर ४५ अंश, हवा कोरडी ठणठणीत, त्यात कोणी पाणी गार राहावं म्हणून संपवर छोटा पंखा लावलेला. पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं हे खरं, पण ते उडूनच उतरतं. दोन दिवसांत पंप हवा ओढायला लागतो, टाकीत बारीक बुडबुड्यांचं दूध होतं आणि पंप घरघरायला लागतो.

मग माणूस काय करतो? सकाळी ड्युटीवर जाताना संप जवळजवळ काठापर्यंत भरून ठेवतो, दोन दिवसांची सोय म्हणून. त्याच संध्याकाळी धुळीचं वादळ येतं, लाईन जाते, वरचे १२ लिटर खाली उतरतात. उडालेलं पाणी भरून काढायच्या नादात परत येणाऱ्या पाण्याची जागा खाल्ली गेलेली असते. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन सांगतात, "भाऊ, तुमच्याकडचं पाणी आमच्या छतातून टपकून राहिलं."

उपाय दोन. रोज थोडं घाला, रेघेपर्यंतच. रोज जमत नसेल तर पाण्याचा साठा संपमध्ये न ठेवता बाजूला १०-१५ लिटरच्या कॅनमध्ये ठेवा आणि तिथून कूलरचा फ्लोट लावून पंपाच्या खान्यात सोडा. फ्लोट पंपाच्याच खान्यात हवा. मधल्या खान्यात लावला तर तिथली पातळी हलतच नाही आणि फ्लोट कधी उघडणारच नाही. कॅनला झाकण घट्ट बसवा, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसतील.

फ्लोट थेट छतावरच्या टाकीच्या लाईनला जोडायची कल्पना मात्र सोडून द्या. पुढे जे सांगतोय तसा ओव्हरफ्लो बंद पडला तर पंपाचा खाना रिकामा होत राहील, फ्लोट उघडाच राहील, आणि तुमची हजार लिटरची टाकी बैठकीत येईल. कॅनमध्ये १५ लिटर असतील तर जास्तीत जास्त १५ लिटरच यायचे.

जाता जाता: उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घाला. उडताना पाणीच जातं, क्षार टाकीतच राहतात. बोअरचं पाणी घालत राहिलात तर उन्हाळाभर पाणी जड होत जातं. पाणी बदलायला मात्र नेहमीचंच पाणी, क्लोरीन काढून.

लाईन आल्यावर

हे दुखणं खरं किचकट आहे, आणि ते बहुतेक काच न कापता केलेल्या ओव्हरफ्लोचं असतं. टाकीच्या काठावरून उलटा यू टाकून पाणी बाहेर काढायचं, म्हणजे सायफन. पीव्हीसीच्या पाच-सहा एल्बोंनी (काटकोनी जोडांनी) तो बांधता येतो, नागपूरच्या इतवारी बाजारात सगळं सामान एका दुकानात मिळतं, म्हणून लोकप्रिय.

पंप थांबला तरी सायफनमध्ये पाणी भरलेलं राहिलं पाहिजे. राहिलं तर लाईन आल्यावर तो आपोआप सुरू होतो. त्यात हवा भरली असेल तर पंप पाणी वर ढकलत राहतो, सायफन मेलेला असतो आणि टाकी काठावरून वाहते. तर प्रश्न असा की हवा शिरली कुठून?

बांधणी आधी तपासा. टाकीच्या आतला पाइप पातळीवर पाणी घेऊन आधी खाली जातो, मग वर चढून काठ ओलांडतो. बाहेर तो खाली उतरून परत वर येतो आणि उघड्या तोंडाच्या टीमधून (इंग्रजी T आकाराच्या जोडातून) संपकडे जातो. पंप थांबल्यावर आतल्या पाइपमधलं पाणी बाहेरच्या टीच्या पातळीपर्यंत उतरतं. आतला यू टीच्या पातळीपेक्षा खोल असेल तर त्यात पाणी उरतं आणि सायफन टिकतो. आतला यू उथळ केला असेल तर तो कोरडा होतो आणि प्रत्येक वेळी सायफन तुटतो. दर वेळी न चुकता तुटत असेल तर नव्वद टक्के हेच. आतला यू निदान १५ सेंटीमीटर खोल ठेवा आणि बाहेरची टी दात्यांच्या ८-१० सेंटीमीटर खाली.

ही ८-१० सेंटीमीटर उगाच नाहीत. एवढ्या एल्बोंतून पाणी ढकलायला पातळीत फरक लागतो. टी दात्यांच्या बरोबरीला लावली तर तो फरक मिळवण्यासाठी टाकीतलं पाणी वर चढतं, आणि काही बिघडलेलं नसताना टाकी भरून वाहते.

कधी सुरू होतो, कधी नाही, असं असेल तर हवा हळूहळू साठते आहे. काठावरून जाणाऱ्या सगळ्यात उंच भागात ती गोळा होते. तिच्या वाटा तीन.

पहिली, पाण्यासोबत आत येणारे बुडबुडे. आत घेणाऱ्या तोंडाजवळ एअरस्टोन असेल तर तो दुसऱ्या कोपऱ्यात न्या. बुडबुडे थोडे येणारच, प्रश्न ते पाण्यासोबत पुढे वाहून जातात की नाही हा आहे. आणि इथे मोठा पाइप चांगला ही समजूत आडवी येते. बुडबुडा पाण्यात साधारण सेकंदाला २०-२५ सेंटीमीटर वेगाने वर चढतो. बाहेरच्या उतरत्या पाइपमध्ये पाण्याचा वेग त्यापेक्षा जास्त असेल तरच तो ओढला जाईल. तासाला १,००० लिटर पाणी ३२ मिलिमीटरच्या पाइपमधून सेकंदाला ४५ सेंटीमीटरच्या आसपास जातं, बुडबुडे धुऊन निघतात. तेवढंच पाणी ५० मिलिमीटरच्या पाइपमधून १७ सेंटीमीटरने जातं. तिथे प्रत्येक बुडबुडा परत वर येऊन शेंड्याला चिकटतो आणि काही दिवसांत सायफन गुदमरतो. जास्त पाणी जावं म्हणून २५ चा पाइप काढून ५० चा टाकणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. हजार लिटरला ३२ मिलिमीटर बरोबर बसतो. पंप मोठा असेल तर ३२ चे दोन वेगळे सायफन करा. त्यातही एक फायदा: दोन्ही एकाच वेळी बंद पडायची शक्यता कमी.

पंप खरंच किती पाणी देतो हे खोक्यावरून कळत नाही. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, चार-साडेचार फूट चढवताना तो बराच घसरतो, आणि कूलरचा पंप लावला असेल तर फारच. रिटर्नचं तोंड १० लिटरच्या बादलीत धरा. ३६ सेकंदांत भरली तर तासाला १,००० लिटर. पंप साफ केला की पुन्हा मोजा, कारण घाणीने मंदावलेला पंप धुतल्यावर अचानक जास्त पाणी देतो आणि तोवर पुरणारा ओव्हरफ्लो अपुरा पडतो. "कालच तर सगळं साफ केलं होतं" अशी तक्रार यामुळेच येते.

दुसरी वाट, सुटलेला सांधा. सायफनच्या शेंड्यावर पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून तिथला सांधा कच्चा असला तरी पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही, उलट तो हवा आत ओढतो. कोरडा सांधा पाहून माणूस फसतो. पाण्याच्या पातळीच्या वरचे सगळे सांधे पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन लावून पक्के करा, तिथे नुसतं दाबून बसवलेलं चालणार नाही. बाकीचे साफसफाईसाठी सुटे राहिले तरी चालतील.

तिसरी, पाण्यात विरघळलेली हवा. कमी दाबाच्या जागी ती बाहेर पडते, उन्हाळ्यात पाणी कोमट असताना जास्तच. ही थोडी असते, पण वेग कमी असेल तर तेवढीही पुरते.

कोणती वाट आहे हे ओळखायला शेंड्यावर बारीक भोक पाडून एअर पंपाच्या नळीचं निपल बसवा, पारदर्शक नळी आणि छोटी तोटी लावा. मोठ्या सिरिंजने सगळी हवा ओढून घ्या, पाणी आलं की तोटी बंद. आता पंप बंद ठेवून काही तास जाऊ द्या आणि परत सिरिंज लावा. भरपूर हवा निघाली तर सांधा ओढतोय, कारण वाहतं पाणी नसताना बुडबुडे यायला जागा नाही. हवा जवळजवळ नसेल तर पंप चालू ठेवून तेवढाच वेळ बघा. तेव्हा निघाली तर बुडबुडे आणि वेग यांचं प्रकरण आहे. या परीक्षेआधी पाइप बदलायला जाऊ नका, अर्धे लोक चुकीचा भाग बदलतात.

हेच निपल पुढे उपायही होतं. त्याची नळी टाकीतल्या छोट्या पॉवरहेडच्या (पाण्यात बुडवायच्या पंपाच्या) हवा ओढणाऱ्या तोंडाला जोडली की तो शेंड्यातली हवा सतत ओढत राहतो, आणि सायफन अर्धवट रिकामा झाला तरी लाईन आल्यावर पुन्हा भरून घेतो. नळीत शेवाळ धरतं, महिन्यातून एकदा बदला. पण पाइपचं माप चुकलेलं असताना नुसत्या या जुगाडावर चालवू नका.

या सगळ्याआधी एक साधी गोष्ट: आत घेणाऱ्या जाळीवर व्हॅलिस्नेरियाची पानं किंवा ऑस्कर माशाच्या खाद्याचे तरंगते दाणे अडकलेले नाहीत ना, ते बघा. कधी कधी एवढंच असतं.

ओव्हरफ्लो बंद पडलाच तर

सायफन कितीही नीट बांधला तरी कधीतरी बंद पडेल असं धरूनच संप बांधावा. मी संपचं चित्र काढायला बसलो की इथूनच सुरू करतो: पंपाच्या खान्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी वरची टाकी वाहणार नाही एवढाच तो खाना मोठा असावा.

आपल्या टाकीत चालू पातळीपासून काठापर्यंत ४ सेंटीमीटर मोकळी जागा असेल तर तिथे २१ लिटरच्या वर पाणी मावतं. पंपाचा खाना २५ × ३० सेंटीमीटरचा आणि कमाल रेघेपासून पंपाच्या तोंडापर्यंत १५ सेंटीमीटर खोल, म्हणजे सव्वाअकरा लिटर. त्यात १५ लिटरचा कॅन फ्लोटने जोडलेला असेल तर झाले २६, म्हणजे मावणार नाही. मग कॅन १० लिटरपेक्षा कमी ठेवा, नाहीतर टाकीची पातळी एक-दीड सेंटीमीटर खाली घ्या. कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. या मापात बसलं की सायफन बंद पडल्यावर फार तर पंप कोरडा चालून जळेल. पंप नवा येतो. फुगलेलं कपाट आणि काकूंचं छत नीट करणं महाग पडतं. पंपही वाचवायचा असेल तर खान्यात फ्लोट स्विच लावा, पाणी उतरलं की पुरवठा तोडणारा.

आणि नवी टाकी घेत असाल तर काच कापूनच घ्या. भोक, टँक निपल, सरळ खाली पाइप, सायफन तुटायचा विषयच नाही. टफन केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटून चुरा होते. साधी काच असेल तर हिऱ्याच्या कडेचा होल सॉ, मंद वेग, ड्रिलचा हॅमर बंद, सतत पाणी, आणि काठापासून निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर. निपलचं रबर आतल्या बाजूला, फ्लँजखाली. हाताने घट्ट करून वर पाव फेरा, पाना लावून जोर काढायचा नाही.

दोन भोकं पाडा. एकातून पूर्ण भरलेला पाइप, त्यावर खाली गेट व्हॉल्व्ह लावून पाणी जुळवायचं. दुसरा थोडा उंच, आणीबाणीचा, एरवी कोरडा. आवाज जवळजवळ येत नाही. यात लाईन आल्यावर दोन-तीन मिनिटं गुडगुड होते, पाणी आणीबाणीच्या पाइपमधून जातं आणि मग शांत होतं. घाबरू नका. लाईन नसताना संपची पातळी चढलेली असते, त्यामुळे मुख्य पाइपचं खालचं टोक जास्त खोल बुडतं आणि आतली हवा लवकर निघत नाही. गुडगुड थांबतच नसेल तर टोक कापून वर घ्या. पंप चालू असताना ते पाण्याखाली २ सेंटीमीटर पुरे.

वादळाच्या दिवसांत लाईन तासाभरात चार वेळा जाते-येते. मोठा पंप इन्व्हर्टरवर टाकायची घाई करू नका, साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर त्याची मोटर गुणगुणते आणि तापते. इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर छोटा एअर पंप ठेवा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. माशांना उन्हाळ्यात आधीच कमी असतो, आणि पंप थांबला की तो वेगाने उतरतो. एक एअरस्टोन संपमध्येही सोडा, फिल्टरमधले जिवाणूही श्वास घेतात.

बोर्ड संपच्या वर किंवा बाजूला उंच लावा, खाली कधीच नाही. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच) बसवा. कूलरचा करंट लागून माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचतो, आणि संप म्हणजे पाण्यात बुडवलेला तसाच पंप. अर्थिंग नसलेला दोन पिनचा पंप पाण्यात टाकू नका.

सगळं जोडून झालं की मासे सोडण्याआधी मुद्दाम लाईन घालवा. एकदा मिनिटभर, एकदा तासभर, एकदा रात्रभर. मग मिनिटामिनिटाला बंद-चालू असं सलग पाच-सहा वेळा, कारण बऱ्याच सायफनना एक लांब खंड चालतो पण अर्धवट भरलेले असताना पुन्हा आलेली लाईन चालत नाही. शेवटी आत घेणारी जाळी ओल्या फडक्याने बंद करा, पंप चालू ठेवा आणि खाना रिकामा होईपर्यंत वरच्या टाकीकडे बघत उभे राहा. पंपाने हवा ओढायला सुरुवात केली की लगेच बंद करा. पाणी काठाच्या खाली थांबलं असेल तर मासे आणायला हरकत नाही.